खोकला वयाचा नसतो: आजी-आजोबांच्या जुन्या खोकल्याचा पाठ



या अंकातला आरोग्य पाठ जुन्या खोकल्यावर आहे. सर्दीबरोबर येतो आणि आठ-दहा दिवसांत जातो, तो खोकला आज घ्यायचा नाही. आज घ्यायचा आहे तो सासूबाईंचा, सासऱ्यांचा, आजीचा, महिनोन्‌महिने चाललेला खोकला. त्याची घराला इतकी सवय झालेली असते की तो कोणाला ऐकूच येत नाही.

बैठकीत मी विचारते, "तुमच्या घरात कोणाला खोकला आहे का?" बहुतेक जणी सांगतात, "नाही." मग मी विचारते, "आणि सासूबाईंना?" तेव्हा उत्तर येतं, "त्यांचा तर कायमचाच आहे ताई. वय झालं ना आता."

हे "वय झालं" म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. म्हणून आजचा पाठ आधी एका वाक्यात सांगते. वयामुळे खोकला येत नाही, खोकल्याला काहीतरी कारण असतं, आणि बहुतेक कारणांवर उपचार आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे सूत्र आहे. ते फक्त गरोदर ताई आणि लहान बाळांसाठी नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठीपण आहे.

१. खोकला येतो कशाला?

श्वासाच्या नळीत धूळ, धूर, कफ किंवा अन्नाचा कण गेला की शरीर जोरात हवा सोडून तो बाहेर फेकतं. हाच खोकला. दारातलं कुत्रं रात्री भुंकायला लागलं की आपण उठून बघतो, कोण आलंय. खोकल्याच्या बाबतीत मात्र कोण आलंय ते न बघता आपण कुत्र्याचंच तोंड बांधायला निघतो, म्हणजे औषधाची बाटली आणतो.

वय वाढतं तसे छातीचे स्नायू अशक्त होतात, खोकण्याचा जोर कमी होतो, कफ सुटायला वेळ लागतो. एवढं वयाचं काम खरं. पण कफ मुळात होतोय कशानं, घसा का खवखवतोय, याचं कारण वेगळं असतं आणि ते शोधावं लागतं.

कधी याच्या उलटही होतं. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी खोकला फारसा येत नाही, तापही चढत नाही. माणूस नुसता सुस्त पडतो, जेवत नाही, काहीतरी असंबद्ध बोलतो, श्वास भराभर चालतो. "आज आजी गप्पच आहे" हेसुद्धा लक्षण असू शकतं, बरं का.

आता दिवसांचा हिशोब. साध्या सर्दीचा खोकला साधारण तीन आठवड्यांत जातो. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या वर गेला की डॉक्टर त्याला जुना खोकला म्हणतात. पण आपण आठ आठवडे वाट बघायची नाही. आपल्या देशात टीबी, म्हणजे क्षयरोग, खूप आहे. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. म्हणून आपल्यासाठी सरकारी नियम असा आहे: दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची. वय तीस असो की ऐंशी, नियम तोच.

२. खोकल्यामागची कारणं

ही माहिती आपण घरी निदान करावं म्हणून देत नाही. निदान डॉक्टर करतील. पण डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळतात, त्यात काय सांगायचं हे आपल्याला कळायला हवं.

टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन कमी होणं, कधी बेडक्यात रक्त. म्हाताऱ्या माणसांत ताप आणि रक्त दिसेलच असं नाही. नुसती भूक जाते, अंगावरचा ब्लाऊज ढिला होतो, माणूस थकतो. मग घरचे म्हणतात, वयानं वाळत चाललीय. ज्यांना शुगर आहे त्यांना टीबी होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. त्यामुळे शुगर आणि खोकला एकत्र असेल तर एक दिवसही वाट बघू नका.

धुराने खराब झालेली फुप्फुसं. डॉक्टर याला सीओपीडी म्हणतात. विडी-सिगारेटने हा आजार होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बाईलासुद्धा तो होतो, चुलीच्या धुराने. गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या, ओली लाकडं यांच्या धुरात चाळीस वर्षं भाकरी थापल्यावर फुप्फुसांतल्या बारीक नळ्या अरुंद होतात. आधी सकाळी कफ पडतो, पुढे चढ चढताना, पाणी आणताना दम लागतो, मग बसल्या जागीसुद्धा. गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही, पण औषधाने त्रास कमी होतो आणि धूर थांबवला तर आजार हळू वाढतो.

दमा. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री किंवा पहाटे खोकला वाढतो, धूळ उडाली की उबळ येते. दमा लहानपणापासूनच असतो असं नाही, साठीनंतरही सुरू होऊ शकतो.

कामाची धूळ. जिनिंगमधला कापसाचा बारीक तंतू, मळणीयंत्राचा भुसा, दगडखाणीची धूळ. आजोबांनी तरुणपणी काय काम केलं, किती वर्षं केलं, हे डॉक्टरांना आठवणीनं सांगा. खाणीतली धूळ काम सोडल्यावरही फुप्फुसातच राहते, आणि असा आजार असलेल्याला टीबीही लवकर होतो.

नाकातून घशात उतरणारं पाणी. सतत घसा साफ करावासा वाटतो, आडवं झाल्यावर खोकला येतो, नाक चोंदलेलं असतं.

पित्त. जेवून लगेच आडवं झालं की पोटातलं आंबट पाणी घशापर्यंत येतं. छातीत जळजळ होते, कोरडा खोकला येतो. काहींना जळजळ जाणवतच नाही, नुसता खोकला येतो.

बीपीची गोळी. हे ऐकून खूप जणींना नवल वाटतं. बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडा, घशात गुदगुली झाल्यासारखा खोकला येतो, आणि तो बायकांमध्ये जास्त दिसतो. या गोळ्यांची नावं "प्रिल" ने संपतात. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल ही त्यातली. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी खोकला सुरू होतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. पाकिटावरचं नाव शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. बीपी अचानक वाढलं तर लकवा मारू शकतो. डॉक्टरांना सांगितलं की ते दुसऱ्या प्रकारची गोळी देतात. गोळी बदलल्यावर खोकला बहुधा महिनाभरात जातो, काहींना तीन महिनेही लागतात.

हृदयाचा त्रास. आडवं झालं की खोकला आणि धाप, उठून बसलं की बरं वाटतं. संध्याकाळी पायावर सूज येते, बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. दोन उशा, तीन उशा घेऊन झोपावं लागतंय का, हा साधा प्रश्न इथे फार कामाचा आहे.

गिळताना ठसका. लकवा होऊन गेलेल्या माणसाला किंवा खूप अशक्त झालेल्याला पाणी पितानाच ठसका लागतो. अन्नपाणी चुकीच्या नळीत जातं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. खोकला जेवणाच्या वेळीच येतो का, हे बघून ठेवा.

फुप्फुसाचा कर्करोग. याचं नाव घ्यायला भीती वाटते, पण माहीत असावं. बेडक्यात रक्त, आवाज बसणं, वजन झपाट्याने उतरणं, छातीत न थांबणारं दुखणं. जुना खोकला अचानक वेगळा वाटायला लागला तरी दाखवायचं, विशेषतः विडी-तंबाखू ओढणाऱ्यांनी.

आणखी एक लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसात यातली दोन-तीन कारणं एकत्रही असतात. सीओपीडी आहे म्हणून टीबी नसेल, असं धरून चालायचं नाही.

३. थोडा हिशोब करूया

आपण बचत गटाच्या बायका, हिशोबात पक्क्या. एक उदाहरण घेऊ. समजा एका घरात सासऱ्यांच्या खोकल्यासाठी महिन्यातून दोनदा खासगी दवाखान्यात जातात. तपासणी, इंजेक्शन, बाटली, गाडीभाडं मिळून एका फेरीचे ४०० रुपये धरू. महिन्याचे झाले ८००, सहा महिन्यांचे ४,८००. ते गटातून दोन टक्क्यांनी उचलले असतील तर पहिल्या महिन्याचं व्याजच ९६ रुपये. आणि सहा महिन्यांनी कारण माहीत आहे का? नाही. कारण थुंकीची तपासणी झालीच नाही.

आता दुसरी बाजू. सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकीची तपासणी मोफत आहे. टीबी निघाला तर औषधं मोफत आहेत. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या बँक खात्यात पैसे येतात. २०१८ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. त्यासाठी खात्याची माहिती आरोग्य कर्मचाऱ्याकडे द्यावी लागते. आजींचं खातं चालू आहे का, हे बघणं आपल्याला सहज जमेल.

खासगी डॉक्टरांकडे जाऊच नका असं मी म्हणत नाही. पण तिथे गेलात तरी विचारा, "डॉक्टर, दोन आठवड्यांच्या वर झालं, थुंकीची तपासणी करायची का?" कारण न शोधता वरचेवर इंजेक्शन आणि अँटिबायोटिक घेतल्याने कधी कधी थोडे दिवस बरं वाटतं आणि खरा आजार झाकून राहतो.

४. खोकल्याची वही

मुलांची जुनी वही घ्या. आठवडाभर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खोकल्याची नोंद करा. लिहायला येत नसेल तर नातवाला सांगा, त्यालाही काम होईल. नोंद अशी:

१) खोकला कधी सुरू झाला? तारीख आठवत नसेल तर सणावरून सांगा, पोळ्याच्या आधी की दिवाळीनंतर.
२) कोरडा आहे की कफ पडतो? कफाचा रंग कोणता? रक्त दिसलं का?
३) कधी वाढतो? पहाटे, रात्री, जेवताना, आडवं झाल्यावर, चुलीजवळ?
४) दम लागतो का? घरापासून किती अंतर चालल्यावर थांबावं लागतं?
५) ताप, रात्री घाम, भूक न लागणं आहे का? कपडे ढिले झालेत का?
६) कोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळी पाकिटं एका पिशवीत घालून दवाखान्यात न्या.
७) विडी, तंबाखू, खर्रा, मिश्री, चूल, धुळीचं काम: काय आणि किती वर्षं?
८) घरात किंवा शेजारी कोणाला टीबी झाला होता का? रुग्णाला शुगर, बीपी आहे का?

ही वही डॉक्टरांपुढे ठेवली तर अर्धं काम झालं. आजी दवाखान्यात गेल्यावर "मला काही नाही, पोरानं उगाच आणलं" असं म्हणतात, तेव्हा वही खरं बोलते.

५. कुठे जायचं, काय मागायचं

आधी गावातल्या आशाताईंना सांगा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी त्या जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का, बेडक्यात रक्त येतं का, स्वयंपाकाला कोणतं जळण वापरता, असे प्रश्न असतात. फॉर्म भरताना "सगळं ठीक आहे" असं सरसकट सांगू नका. तुमच्या उत्तरावरच पुढची तपासणी ठरते.

थुंकीचा नमुना देताना खालच्या गोष्टी पाळा. डबी उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळते. सकाळी उठल्याबरोबरचा नमुना चांगला. आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभं राहा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. नुसती लाळ दिली तर तपासणीचा उपयोग होत नाही. डबी घट्ट बंद करून लवकर पोचवा आणि हात धुवा. म्हाताऱ्या माणसाला बेडका काढायला जड जातं. शेजारी बसा, घाई करू नका.

थुंकीबरोबर छातीचा एक्सरे, रक्तातली साखर, बीपी हेही विचारा. टीबी नाही असं आलं आणि खोकला चालूच राहिला, तर तिथे थांबू नका. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. ती मोठ्या सरकारी दवाखान्यात होते, त्यासाठी चिठ्ठी मागा. "टीबी नाही" म्हणजे "आजार नाही" असं नव्हे.

टीबीबद्दल काही विचारायचं असेल तर १८००-११-६६६६ हा मोफत सरकारी फोन आहे.

६. लगेच न्यायचं कधी?

खोकताना रक्त पडलं. बसल्या जागी धाप लागली, एक वाक्यही पूर्ण बोलता येईना. ओठ किंवा नखं निळसर पडली. छातीत दुखायला लागलं. माणूस बरळायला लागला किंवा गुंगीत गेला. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं करू नका, टेकून बसवा.

७. घरी काय करता येईल?

पहिलं काम धुराचं. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, बऱ्याच घरांत सिलिंडर आला, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच होतं. सिलिंडर भरून आणायचा खर्च किती, हे मला माहीत आहे, त्यामुळे "चूल बंद करा" एवढं सांगून मी मोकळी होणार नाही. जमेल तेवढं करा. पाण्याची चूल बाहेर न्या. ओलं लाकूड आणि प्लास्टिक जाळू नका. खिडकी उघडी ठेवा. खोकला असलेल्या आजींना चुलीपुढे बसवू नका. "त्यांना तेवढंच जमतं" म्हणून आपण म्हाताऱ्या बाईला चुलीजवळचं काम देतो. भाजी निवडायचं काम दारात बसूनही होतं.

कोमट पाणी घोट घोट प्यायला द्या, कफ पातळ होतो. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. रात्री चमचाभर मध घेतला तर घशाला आराम पडतो, मात्र शुगर असणाऱ्यांनी बेतानं. पित्त असेल तर जेवणानंतर दोन-तीन तास आडवं होऊ नये आणि डोक्याकडची बाजू उंच करावी. ठसका लागणाऱ्याला नीट बसवून, छोटे घास, सावकाश भरवा. वाफ घेताना उकळत्या पातेल्यावर आजींना एकटं सोडू नका, भाजण्याचा धोका असतो.

बाटलीतलं औषध दुकानातून आपल्या मनाने आणू नका. काही औषधांनी गुंगी येते, म्हातारं माणूस रात्री लघवीला उठतं आणि पडतं. कंबरेचं हाड मोडलं तर खोकला परवडला म्हणायची वेळ येते. शिवाय कफाचा खोकला दाबला तर कफ आतच राहतो.

आणि पंपाची भीती सोडा. "पंपाची सवय लागते" असं गावोगाव ऐकते. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे थोड्या मात्रेत काम होतं. चष्म्याला आपण सवय म्हणत नाही, तसंच हे. हात थरथरत असतील तर पंपाला जोडायचं स्पेसर नावाचं नळकांडं मागा. पंप कसा घ्यायचा ते डॉक्टर किंवा सिस्टरांकडून करून दाखवून घ्या, आणि घेतल्यावर चूळ भरायला विसरू नका.

८. लपवलेला खोकला

आता एक गोष्ट, जी बैठकीत उघड बोलली जात नाही.

एका गावात बैठकीला एक आजी यायच्या, पण सतरंजीवर बसायच्या नाहीत. उंबऱ्याजवळ, अर्ध्या बाहेर. कितीदा बोलावलं तरी "इथंच बरी मी." मला वाटलं, सुनांमध्ये संकोच वाटत असेल. एक दिवस चहाचे कप विसळताना आम्ही दोघीच होतो. तेव्हा म्हणाल्या, "पोरी, खोकला आला की लुगडं ओलं होतं. सतरंजीवर कशी बसू?" दोन वर्षं त्या लग्नकार्याला, बाजाराला, देवळातही गेल्या नव्हत्या. घरात कोणाला माहीत नव्हतं. सून म्हणायची, म्हातारी माणूसघाणी झालीय.

तायांनो, खोकताना लघवी निसटणं हा खूप बायकांना होणारा त्रास आहे, बाळंतपणं झालेल्या आणि वय वाढलेल्या बायकांना जास्त. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खोकल्यावर उपचार झाले की हा त्रासही कमी होतो. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो, तेच स्नायू बसल्या बसल्या आवळायचे, पाच मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना करू नये. उपकेंद्रातल्या सिस्टरांशी याबद्दल मोकळेपणाने बोला.

त्या आजींना टीबी निघाला नाही, चुलीच्या धुराचा आजार निघाला. पंप सुरू झाला. खोकला पूर्ण गेलेला नाही, पण रात्री झोप लागते आणि आता सतरंजीवर बसतात, कोपऱ्यात का होईना.

लपवण्याचं दुसरं कारण म्हणजे टीबीची भीती. "टीबी निघाला तर माझं ताट वेगळं करतील, नातवाला जवळ येऊ देणार नाहीत." ही भीती खोटी नाही, आपल्याच घरांत असं झालेलं आहे. म्हणून नीट समजून घ्या. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटी, कपडे, पाया पडणं यातून नाही. योग्य औषध नियमित सुरू झालं की काही आठवड्यांतच तो दुसऱ्याला लागण्याची शक्यता खूप कमी होते. तोवर तोंडावर रुमाल किंवा मास्क, उघडी खिडकी, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी. लहान मुलं घरात असतील तर त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषधाचं आवर्जून विचारा. ताट वेगळं करण्यापेक्षा खिडकी उघडणं जास्त उपयोगाचं. आणि न तपासलेला खोकलाच नातवासाठी खरा धोक्याचा असतो.

तिसरं कारण आपण स्वतः. तुमच्यातल्या कितीतरी जणी चाळिशी-पन्नाशीच्या आहेत आणि सकाळी भाकरी करताना खोकतात. "धुराचा आहे, जाईल." सासूबाईंची वही भराल, तेव्हा दुसरं पान आपल्या नावाने उघडा.

९. पुढच्या बैठकीत करायचं काम

पहिलं: प्रत्येकीने घरातल्या साठीवरच्या माणसांची नावं सांगायची आणि प्रत्येक नावापुढे एकच नोंद, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे की नाही. आजाराचं नाव लिहायचं नाही आणि ही यादी गटाबाहेर न्यायची नाही.

दुसरं: ज्यांच्या घरी खोकला आहे त्यांनी आशाताईंबरोबर तपासणीचा दिवस ठरवायचा. एकीला एकटीला न्यायला जमत नसेल तर दोघी-तिघींनी मिळून एक गाडी करायची.

तिसरं: टीबीचा उपचार चालू असलेल्या घराला सहा महिने आठवण करून द्यायची जबाबदारी एका ताईने घ्यायची. बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडलं तर आजार उलटतो आणि पुढचा उपचार अवघड होतो. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो. १८८२ मध्ये याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्या आठवड्यात ग्रामसंघाच्या बैठकीत हा पाठ पुन्हा वाचता येईल.

उजळणी: खरं की खोटं?

१) वय झालं की खोकला येणारच. (खोटं)
२) दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची. (खरं)
३) विडी न ओढणाऱ्या बाईला फुप्फुसाचा आजार होत नाही. (खोटं)
४) बीपीच्या काही गोळ्यांनी खोकला येऊ शकतो, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. (खरं)
५) टीबी जेवणाच्या ताटातून पसरतो. (खोटं)
६) थुंकीत टीबी नाही आला म्हणजे पुढे काही बघायची गरज नाही. (खोटं)

सहाही बरोबर आली असतील तर आता एकच काम राहिलं. आज रात्री दिवे मालवल्यावर पाच मिनिटं जागं राहून ऐका, घरात कोण खोकतंय. आणि सकाळी त्यांना विचारा, कधीपासून?

तुमची,
क्षेत्र समन्वयक